‘मोबाइलवर वाढलेल्यांना शोधायला काय शिकवायचं?’

सध्या फिरणाऱ्या एका पोस्टचा सूर असा: मेडिकल-नर्सिंगची आजची मुलं मोबाइल हातात घेऊनच मोठी झाली, त्यांना माहिती शोधायला शिकवणं म्हणजे वेळेचा अपव्यय. ज्याला संदर्भ शोधताना घाम फुटतो तो मुळात कच्चा. आणि जास्त वाचलं की भीती आपोआप जाते.

‘मोबाइल येतो’ म्हणजे काय येतं, ते आधी पाहू. पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय संशोधन-लेखांच्या ऑनलाइन सूचीत, साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. तिथे साधं ‘हार्ट अटॅक’ टाइप केलं, तर यंत्रणा स्वतःच ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ ही ठरावीक संज्ञाही शोधात घेते. पण गूगलच्या सवयीने त्याच शब्दांना अवतरणचिन्हं लावली की ही जोडणी बंद पडते. ज्या लेखांत फक्त शास्त्रीय नाव आहे ते निसटतात, आणि निसटले हे कळतही नाही. हे मोबाइल चालवून कसं समजणार?

सापडलेलं पारखायचं कसं, हा तर वेगळाच विषय. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा लेख १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि २०१० साली मागे घेतला गेला. मधली बारा वर्षं तो एका नामांकित नियतकालिकातला लेख म्हणूनच हाती लागत होता.

जास्त वाचलं की भीती जाते? ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक कॅरोल कुलथाऊ यांनी माहितीशोधाचे सहा टप्पे मांडले. विषय ठरला की हुरूप येतो, पण वाचायला सुरुवात झाली की गोंधळ आणि शंका वाढतात, कारण एक लेख दुसऱ्याशी जुळत नाही. जीव थाऱ्यावर येतो तो आपला नेमका प्रश्न सापडल्यावर. तोवर आणखी वीस पीडीएफ उतरवून घेतल्याने बहुधा डोकंच दुखतं.

आता ‘कच्चा’. ग्रंथालयशास्त्राच्याच अभ्यासक कॉन्स्टन्स मेलन यांनी १९८६ मध्ये सुमारे ६,००० अमेरिकी विद्यार्थ्यांच्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. वर्गावर्गातल्या ७५ ते ८५ टक्के मुलांनी ग्रंथालयातला पहिला अनुभव भीतीच्या भाषेत सांगितला होता. इतकी सगळी कच्ची? त्या मुलांना वाटत होतं, इतरांना सगळं जमतं, आपल्यालाच जमत नाही. विचारायला गेलो तर ते उघडं पडेल.

ती अवतरणचिन्हं काढून टाका, हे सांगायला ग्रंथपालाला अर्धं मिनिट पुरतं. पण अशी पोस्ट वाचून आलेला मुलगा त्यांच्या टेबलापाशी जाईल कशाला?