डोळे झाकून 'अस्सल' मसल कार घेणाऱ्यांनो, जरा थांबा

सध्या मसल कारबद्दल, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांतल्या दांडग्या इंजिनच्या अमेरिकन गाड्यांबद्दल, एक मेसेज फिरतोय, आमच्या ओहायोतल्या मराठी ग्रुपवर तर तीन जणांनी टाकला: 'जुनी मसल कार अस्सल की नकली हे दोन मिनिटांत कळतं. व्हिन नंबर डीकोड करा, इंजिनचा नंबर जुळवा, बिल्ड शीट मागा. तिन्ही ओके असलं की डोळे झाकून घ्या.' अहो, डोळे झाकूनच तर लोक फसतात.

पहिलं व्हिन, म्हणजे गाडीचा कारखान्यातला ओळख क्रमांक. १९६६ ते ६८ च्या शेव्हर्लेच्या (म्हणजे शेव्हीच्या) शेव्हेलला हे चालतं, कारण तेव्हा एसएस ३९६ (एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट) ही वेगळी सिरीज होती, नंबर १३८ ने सुरू व्हायचा. १९६९ पासून एसएस झालं नुसतं ऑप्शन पॅकेज. म्हणजे १९७० ची ४५० हॉर्सपॉवरच्या एलएस-६ इंजिनची एसएस हार्डटॉप घ्या नाहीतर कुणा आजीबाईंची चर्चला जायची साधी व्ही-८ शेव्हेल मालिबू हार्डटॉप घ्या, दोघींचा नंबर १३६३७ नेच सुरू होणार, मग डीकोड करून कळलं काय, तर व्ही-८ आहे आणि दोन दारांची आहे, बस. फोर्ड, क्रायस्लरचं वेगळं, त्यांच्या व्हिनमध्ये पाचवं अक्षर इंजिनचं, १९७० च्या डॉजला तिथे 'आर' असेल तर ४२६ हेमी इंजिन. तो नियम शेव्हीला लावून कसं चालेल?

दुसरं, नंबर मॅचिंग, म्हणजे इंजिन याच गाडीचं मूळचं आहे का ते नंबरवरून बघणं. शेव्हीच्या इंजिनच्या ब्लॉकवर (मुख्य ओतीव भागावर) पुढे पॅसेंजर साइडला, हेडच्या खाली छोटी सपाट पट्टी असते, तिच्यावर इंजिनचा कोड आणि व्हिनचा शेवटचा भाग पंच केलेला असतो. जुना पंच घासायचा, नवा मारायचा, झाली गाडी मॅचिंग! म्हणून जाणकार माणूस आकडे नंतर वाचतो, आधी टॉर्च तिरका धरून पट्टीवरच्या बारीक समांतर रेघा बघतो, ब्लॉक फॅक्टरीत ब्रोच करताना (दातेरी हत्याराने तासताना) उमटलेल्या. पट्टी आरशासारखी गुळगुळीत दिसली तर ती नंतर कधीतरी घासलीय. (आता त्या रेघाही नकली पाडणारे महाभाग आहेत, असो.) आणि उलटंही असतं, वॉरंटीत इंजिन बदललेली गाडी नंबर जुळत नाहीत म्हणून नकली होत नाही.

राहिली बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं ते लिहिलेला कारखान्यातला कागद. गेल्या वर्षी एक '१९७० ची एसएस ४५४' बघायला गेलो, मालकाने मोठ्या कौतुकाने प्लास्टिकमधून कागद काढला. ही शीट बहुतेक वेळा सापडते पेट्रोलच्या टाकीवर नाहीतर सीटच्या स्प्रिंगांत, म्हणजे पन्नास वर्षांत गंज, पाणी, उंदीर सगळं तिने सोसलेलं असतं, आणि हा कागद चहात बुडवून वाळवल्यासारखा एकसारखा पिवळा, घड्या कोऱ्या करकरीत. अशा शीट छापून मिळतात हो. पट्टीवरचे नंबर मात्र तंतोतंत जुळत होते. मी काही बोललो नाही, गाडीखाली सरकून स्टार्टरजवळची ब्लॉकच्या ओतकामाची तारीख वाचली: डी १४ ०. ए म्हणजे जानेवारी असं मोजायचं, म्हणजे १४ एप्रिल १९७०. मग बॉनेट उघडून फायरवॉलवरची ट्रिम टॅग, म्हणजे बॉडी कधी बनली ते सांगणारी धातूची पाटी, बघितली: ०२बी, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. बारसं फेब्रुवारीत, जन्म एप्रिलमध्ये!

मालकाला दाखवलं तर म्हणतो, 'तेव्हा कारखान्यात फार घाई असायची.'