अलवरच्या महाराजांनी रोल्स-रॉईसमधून कचरा वाहिला, ही गोष्ट कलमवार तपासताना

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून उगवणारी एक गोष्ट तुम्हीही वाचली असेल. साल 1920. राजस्थानातल्या अलवर संस्थानचे महाराज जयसिंह लंडनमध्ये साध्या कपड्यांत फिरताना रोल्स-रॉईसच्या शोरूममध्ये शिरतात. विक्रेता त्यांना कुणी फडतूस हिंदी माणूस समजून बाहेरची वाट दाखवतो. महाराज हॉटेलवर जातात, ‘अलवरनरेश गाड्या पाहायला येत आहेत’ असा निरोप धाडतात आणि पुऱ्या राजवेषात परततात. आता गालिचा अंथरलेला, सगळे कमरेत वाकलेले. महाराज तिथल्या सहाच्या सहा गाड्या रोखीने घेतात, अलवरला आणतात आणि नगरपालिकेला हुकूम देतात, यातून शहराचा कचरा उचला. बातमी जगभर जाते, कंपनीची पत धुळीला मिळते, विक्री कोसळते. शेवटी माफीची तार येते आणि वर सहा गाड्या फुकट. पुरावा म्हणून एक कृष्णधवल फोटो चिकटवलेला असतो. त्यात एक जुनी मोटार आणि तिच्या पुढच्या बाजूला बांधलेले झाडू.

गोष्ट झकास आहे, वाद नाही. जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या माणसाला तर ती दर दिवाळीला कोणीतरी नव्याने सांगतोच. म्हणून एकदाच कलमवार घेऊ.

पहिलं कलम, राजा कोण? अलवर हे उत्तर फक्त एका आवृत्तीत आहे. दुसऱ्या आवृत्तीत तो भरतपूरचा किशनसिंह असतो, तिसरीत पतियाळाचा भूपिंदरसिंह, चौथीत हैदराबादचा निजाम. गाड्या कधी सहा, कधी सात, कधी दहा. अपमान, राजवेष, कचरा आणि तार मात्र जागच्या हलत नाहीत. खऱ्या घटनेचे तपशील सांगणाऱ्यागणिक थोडेफार सरकतात हे खरं, पण इथे नायकच बदलतो आणि कथानक शाबूत राहतं. हे दंतकथेचं लक्षण आहे. निजामांचंच घ्या. त्यांची एक रोल्स-रॉईस आजही हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात उभी आहे. पिवळी धमक सिल्व्हर घोस्ट (रोल्स-रॉईसचं त्या काळचं गाजलेलं मॉडेल), मागची बैठक सिंहासनासारखी उंच केलेली. ती मागवली सहाव्या निजामाने, महबूब अली खानाने, आणि गाडी येण्याआधीच 1911 साली तो वारला. पुढे ती समारंभापुरती बाहेर निघायची, त्यामुळे फारशी चाललीच नाही. एवढी कौतुकाची वस्तू ज्या घराण्यात, त्याच घराण्याच्या नावावर लोक कचरागाडी खपवतात.

दुसरं कलम, ‘शोरूममधल्या सगळ्या गाड्या उचलल्या’. इथे गोष्ट तांत्रिकदृष्ट्या ढासळते, आणि मला यातच जास्त रस आहे. 1920 साली रोल्स-रॉईस आख्खी मोटार बनवतच नव्हती. डर्बीच्या कारखान्यातून बाहेर पडायची ती चासी, म्हणजे सांगाडा, इंजिन, गिअर, चाकं, आणि पुढे तो देवळाच्या दर्शनी भागासारखा रेडिएटर. बॉडी बनवणारे वेगळे, आणि त्यांची स्वतःची नावं मोठी. बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबरली. गिऱ्हाईक चासी घ्यायचं, मग बॉडीवाल्याकडे बसून ठरवायचं की छत उघडं की बंद, दरवाजे किती, आतलं कापड कोणतं, दिवे कुठे, शिकारीच्या बंदुका ठेवायला खण हवा का, पडदानशीन राण्यांसाठी काचा कशा हव्यात. कारागीर आधी लाकडाचा सांगाडा बांधायचे, त्यावर पत्रा हाताने ठोकून बसवायचे, मग रंगाचे हात. या सगळ्यात महिने जायचे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत हाच रिवाज होता. लंडनच्या कंड्युइट स्ट्रीटवरच्या शोरूममध्ये एखाददुसरी तयार गाडी दाखवायला असेलही, पण किराणा दुकानातून साखरेची पोती उचलावीत तशा सहा गाड्या एका दुपारी उचलायची सोय त्या धंद्यात नव्हती.

याचीच दुसरी बाजू म्हणजे नोंदी. प्रत्येक चासीला क्रमांक, आणि प्रत्येक क्रमांकाचं कार्ड. त्यावर पहिला मालक कोण, बॉडी कुणाची, गाडी कुठे पोचवली हे लिहिलेलं. इंग्लंडमध्ये नॉर्दम्प्टनशर परगण्यातल्या पॉलर्सपरी गावी रोल्स-रॉईसप्रेमींच्या क्लबने ही कागदपत्रं जपून ठेवली आहेत. आपल्याकडे एखादी संस्थानी रोल्स विकायला निघाली की खरेदीदार पहिल्यांदा चासी क्रमांक विचारतो तो याचसाठी. कचऱ्याची गोष्ट सांगणाऱ्याकडे सहा गाड्यांपैकी एकीचाही चासी क्रमांक नसतो.

तिसरं कलम, विक्रेत्याला हिंदी राजा ओळखू आला नाही. त्या काळच्या लंडनमध्ये काळ्या-सावळ्या माणसाचा अपमान होत नव्हता असं कुणी म्हणणार नाही. व्हायचाच, आणि गोष्ट पटते ती त्यामुळेच. पण रोल्स-रॉईसच्या बाबतीत एक अडचण आहे. हिंदुस्थानातले राजे हे आपलं गिऱ्हाईक आहे, हे त्या धंद्याला 1920 च्या बरंच आधी कळून चुकलं होतं, आणि ते कळण्यात आपल्या सह्याद्रीचा वाटा आहे.

1908 साली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची एक सिल्व्हर घोस्ट मुंबईत उतरली आणि मुंबई-कोल्हापूर मोटार-चाचणीत धावली. अंतर सुमारे 620 मैल, वाटेत सहा घाट, आणि रस्ते बैलगाड्यांसाठी केलेले. चढणीला इंजिन तापून बंद पडणं आणि उतरणीला ब्रेक जळणं हा तेव्हाच्या मोटारींचा नित्यक्रम होता. ही गाडी चाचणी जिंकून परतली. आणि मग ती घेतली कुणी? ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी. घाट आपले, राजा मराठा, गाडी जगातली सर्वांत नावाजलेली. महाराष्ट्रातल्या माणसाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावी अशी गोष्ट ही आहे, पण ती कुणी पाठवत नाही, कारण तिच्यात साहेबाची जिरत नाही. कोल्हापूरकरांचा अपवाद करायला हवा. शाही दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक ही जर्मन मोटार दसरा चौकात येते, तेव्हा तिथली पोरंसुद्धा तुम्हाला त्या गाडीची कुंडली सांगतील.

जयसिंहांकडे वळू. हा माणूस म्हणजे लंडनच्या रस्त्यावर कुणाच्या लक्षात न येणारा पाहुणा नव्हे. वयाच्या दहाव्या वर्षी, 1892 मध्ये गादीवर बसलेले. साम्राज्याच्या बड्याबड्या पदव्या मिळवलेले. पुढे पहिल्या गोलमेज परिषदेला बसलेले. इंग्रजीत फर्डं बोलणारे. स्वतःला रामाच्या वंशातले मानणारे आणि तसा पोशाखही करणारे. आणि मोटारींच्या बाबतीत त्यांची माया होती लँचेस्टर या दुसऱ्याच इंग्रज कंपनीवर. 1924 ची त्यांची लँचेस्टर पाहिली की कळतं, मागचा अर्धा भाग इंग्लंडच्या राज्याभिषेकाच्या घोडागाडीसारखा आणि पाठीमागे हुजऱ्यांना उभं राहायला जागा. असली मोटार बनवून घेणारा राजा साध्या कपड्यांत दुकानं हिंडतो, हे माझ्या तरी पचनी पडत नाही.

चौथं कलम, फोटो. झाडू नीट पाहा. ते चाकांच्या अगदी पुढे आहेत आणि चाकाखाली येणारी पट्टीच तेवढी झाडतात. शहराचा रस्ता झाडायला याचा उपयोग काय? कचरा बाजूला उडेल, गोळा होणार नाही, आणि भरायला गाडीत जागाही नाही. अशा झाडूंचा खरा उपयोग एकच, टायरखाली खिळे येऊ न देणं. 1936 मध्ये पॅलेस्टाईनमध्ये ब्रिटिश अमलाविरुद्ध अरबांचा उठाव झाला, तेव्हा रस्त्यांवर खिळे पेरले जायचे आणि मोटारींना चाकांपुढे झाडू बसवून लोक वाट काढायचे. त्या काळातली अशी छायाचित्रं आहेत, आणि फिरणारा फोटो त्याच जातीचा आहे. अलवरच्या कचऱ्याशी त्याचा संबंध जोडला तो संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी.

गंमत अशी की हिंदुस्थानात ब्रश लावलेली एक मोटार खरोखर होती, आणि ती कुठल्याही दंतकथेच्या तोंडात मारेल अशी आहे. 1910 च्या सुमारास कलकत्त्यात रॉबर्ट मॅथ्यूसन नावाचा एक गबर इंग्रज राहायचा. त्याने इंग्लंडच्या लोवेस्टॉफ्टमधल्या ब्रुक कंपनीकडून हंसाच्या आकाराची मोटार बनवून घेतली. पुढे लाकडात कोरलेली लांब मान आणि चोच, त्या चोचीतून गर्दी हटवायला वाफेचा फवारा. मागच्या बाजूने पांढरा चुना रस्त्यावर सोडायची व्यवस्था, हंसाने घाण केल्यासारखी दिसावी म्हणून! आणि चाकांना ब्रश, कारण कलकत्त्याच्या रस्त्यांवरची हत्तींची लीद टायरला चिकटायची. गाडी पहिल्यांदा बाहेर पडली तेव्हा अशी धावाधाव झाली की पोलिसांनी तिला रस्ता बंद केला. पुढे ती नाभाच्या महाराजांनी घेतली, आणि आज ती नेदरलंड्समध्ये हेगच्या लाउमन संग्रहालयात आहे. पाहता येते, हात लावू देत नाहीत. इतका विक्षिप्त खरा माल पडून असताना लोक नकली का विकतात, हे कोडं मला सुटत नाही.

पाचवं कलम, कंपनी हादरली आणि तार आली. हे थोडक्यात आटपतं. सिल्व्हर घोस्टच्या चासीवर पहिल्या महायुद्धात चिलखत आणि मशीनगन चढवून ती अरबस्तानच्या वाळवंटात पळवली होती. ज्या कंपनीने हीच गाडी युद्धाच्या धुरळ्यातून नेऊन नाव कमावलं, तिचं नाव अलवरच्या चार गल्ल्यांतल्या केरामुळे बुडेल? शिवाय कंपनीचा पसारा मोटारींपुरता नव्हता. 1919 मध्ये ॲल्कॉक आणि ब्राऊन या वैमानिकांनी विमानाने न थांबता अटलांटिक ओलांडला तो रोल्स-रॉईसच्या ईगल इंजिनांवर. त्याच सुमाराला कंपनी अमेरिकेत स्प्रिंगफील्डला कारखाना काढत होती. 1931 मध्ये तिने बेंटली विकत घेतली. रोल्स-रॉईस बुडाली ती 1971 मध्ये, आरबी-211 या जेट इंजिनाच्या खर्चाखाली. तिथे कुठलाही महाराजा नव्हता, आणि त्या वर्षी आपल्याकडे महाराजांचे तनखेच बंद झाले. राहिली माफीची तार. या गोष्टीसोबत फोटो नेहमी येतो, तार कधीच येत नाही.

आता सहावं कलम. ते मूळ संदेशात नसतं, पण खोडून काढलं की लगेच खाली येतं. ‘असू दे हो खोटी, स्वाभिमानाची गोष्ट आहे, पोरांना सांगायला चांगली.’ माझा खरा आक्षेप इथे आहे.

पोरांना सांगायची तर सगळी सांगा. जयसिंहांच्या राज्यात राखीव रानडुकरं शेतं तुडवायची आणि शेतकऱ्याला त्यांना मारायची बंदी होती, कारण डुकरं शिकारीसाठी होती. त्यावरून 1921 मध्ये चळवळ झाली. 14 मे 1925 रोजी नीमूचाणा गावी शेतसाऱ्याच्या वाढीविरुद्ध जमलेल्या शेतकऱ्यांवर संस्थानच्या फौजेने गोळ्या झाडल्या आणि गाव पेटवून दिलं. मृतांच्या आकड्यावर वाद आहे, घटनेवर नाही. गांधीजींनी त्या प्रकाराला डायरशाहीच्याही वरचढ ठरवलं. जालियनवाला बाग होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

सहा रोल्स-रॉईस खरंच घेतल्या असत्या तर पैसा कुणाचा गेला असता? त्याच शेतसाऱ्याचा. त्या गोष्टीतला ‘आपला माणूस’ निवडताना आपण नीमूचाण्याच्या शेतकऱ्याला वगळून राजाला निवडतो, आणि विक्रेत्याच्या एका तुच्छ नजरेचा सूड म्हणून टाळ्या वाजवतो. मला संस्थानी गाड्या प्राणाहून आवडतात. त्यांचे रेडिएटर, त्यांच्या बॉडीवरचं कारागिरांचं काम, त्यांचे विचित्र खण आणि दिवे यांवर मी तासन्‌तास बोलू शकतो. पण गाडी आवडली म्हणून मालकाला नायक करायची सक्ती नाही.

आणि इंग्रजांनी जयसिंहांचा अपमान केला नाही असंही नाही. केला, चांगला चारचौघांत केला. मेवाती शेतकऱ्यांचं बंड हाताबाहेर गेल्यावर 1933 मध्ये त्यांना स्वतःच्याच राज्यातून बाहेर काढलं. 1937 मध्ये ते पॅरिसला वारले. त्या अपमानाची गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत नाही, कारण तिच्यात माफीची तार घालायला जागाच नाही.