चुलीवरची भाकरी आणि दंडावरचं बटण

लग्नात भाकरी मिळाली नाही म्हणून रुसलेला आमच्या घराण्यातला मी पहिलाच. मंगळवेढ्याकडची माणसं आम्ही. भाकरी रोजचीच, लग्नाला जायचं ते तिच्यापासून सुटका म्हणून.

पण माझं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, साडेसात निघालं आणि डॉक्टरांनी पोळी-भाताला कात्री लावली. (भाकरीनंही साखर वाढते, तीही मोजूनच, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मला एकदाही ऐकू आलं नाही.) त्यामुळे परवा पुण्यातल्या एका कार्यालयात ‘चुलीवरची भाकरी – लाईव्ह’ अशी पाटी दिसली तेव्हा अक्षता टाकून मी थेट तिकडे.

चूल गॅसची होती, वरून मातीनं लिंपलेली. रांगेत पंचवीस माणसं. पनीरपाशी काळं कुत्रं नव्हतं. माझ्या पुढे लिननच्या कुर्त्यातले एक गृहस्थ. दुमडलेल्या बाहीखाली दंडावर नाण्याएवढं पांढरं बटण चिकटवलेलं, दिवसरात्र साखर मोजून मोबाईलवर दाखवणारं.

“शुगर का?” मी आपुलकीनं विचारलं. समदुःखी भेटला की बरं वाटतं.

“छे छे! मला काही नाहीये.” मी जणू घर भाड्याचं का असं विचारलं होतं. “मी फक्त डेटा बघतो.”

आणि मोबाईल माझ्या नाकासमोर. “हा डोंगर बघा, सकाळचा. एक केळं. ही सपाट रेघ म्हणजे बदाम. आणि हा... साबुदाणा.” ‘साबुदाणा’ त्यांनी गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं तसं म्हटलं. मग त्यांनी मला ज्वारी समजावून सांगितली. मला! ग्लूटेन नसतं, फायबर असतं, संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्षच भरडधान्यांना दिलं होतं. “मालदांडी म्हणून एक व्हरायटी असते, मिळाली तर ट्राय करा, काका.”

मालदांडीच्या कडब्यावर लोळून मी मोठा झालोय. आणि काका कुणाला? यांची मिशी माझ्याइतकीच पांढरी, फक्त रंगवलेली.

आमच्याकडे पाहुणे आले की आई भाकरीची टोपली फडताळात सरकवायची आणि उसन्या गव्हाच्या पोळ्या लाटायची. १९७२च्या दुष्काळात वडिलांनी अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, खाल्ला. तिकडे तो जनावरांना घालतात हे कळल्यावरही खाल्ला. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यातसुद्धा तांदूळ ३ रुपये किलो, गहू २ आणि भरडधान्य १. पंगतीत कुणी कुठं बसायचं ते सरकारनंच ठरवलेलं. आता तेच भरड ‘श्रीअन्न’ झालंय आणि त्याच्यासाठी मी रांगेत.

आमचा नंबर आला. भाकरी थापणाऱ्या मावशींनी बटणाकडे पाहिलं. “गळू झालंय व्हय, दादा?”

गृहस्थ इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. मी विषय बदलावा म्हणून विचारलं, “मावशी, घरी पण अशाच मोठ्या थापता का?”

“घरी कुटली भाकरी? ज्वारीचा भाव बघितलाय का? रेशनचा भात खातो. फुकाट हाय.” भाकरीच्या कडेनं बोटं फिरवत त्या म्हणाल्या, “मलाबी शुगर हाय की.”

“किती?”

“मोजली हुती दिवाळीत.”

“राईस बंद करा, मावशी,” गृहस्थ कळवळून म्हणाले. “मिलेट्सवर या.”

दोन्ही हातांना ज्वारीचं पीठ लागलेल्या मावशी “व्हय” म्हणाल्या आणि भाकरी उलटली. मला त्या क्षणी ते बटण उपटून काढावंसं वाटलं. काढलं नाही. आपण वरपक्षाकडचे.

पीठ संपलं. तव्यावर दोन भाकऱ्या उरल्या. दोन्ही गृहस्थांनी घेतल्या: एक कोरडी, एक तूप लावून, ‘कम्पेअर’ करायला. पाचव्या घासाला रेघ वर चढू लागली तसं त्यांनी ताट उष्ट्याच्या टबात ठेवलं. दीड भाकरी मठ्ठ्यात भिजत पडली, आणि मी ती भिजताना बघत उभा.

“अहो, हात रिकामे कसे?” पाठीमागून यजमान जिलेब्यांचं ताट घेऊन आले. “एकानं काय होतंय!”

एकानं नसेल होत. मी चार खाल्ल्या, रागानं.

रात्री बायकोनं विचारलं, “काय जेवलात?”

“भाकरी.”

सकाळी उपाशीपोटी २०८. तिनं मीटर माझ्यापुढे धरलं. “भाकरीला पाक बरा होता का?”