सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून लिव्हर ठीक, असं नाही

"नवव्या महिन्यात उलट्या, खाज, डोळ्यांत थोडा पिवळेपणा हे चालायचंच. बीपी आणि सोनोग्राफी नॉर्मल असेल तर लिव्हरला काही झालेलं नसतं. बाळंतपण झालं की सगळं आपोआप जातं." हा मेसेज आठवड्यात मला चार ग्रुपवर आला. मी मुंबईत लेबर रूमला सिस्टर आहे. तो वाचून मला झोप लागली नाही.

खाजेचं आधी. पोटाची कातडी ताणली की खाज सुटते, ते वेगळं. गेल्या पावसाळ्यात रात्री 2 वाजता एक मुलगी खाटेच्या लोखंडी पट्टीवर तळपाय घासत बसली होती. अंगावर पुरळ एकही नाही, नुसते नखांचे ओरखडे. सासूबाई म्हणत होत्या, "सिस्टर, खाजेसाठी कोणी ॲडमिट होतं का?" तळहात-तळपायांची, रात्री वाढणारी अशी खाज लिव्हरमध्ये पित्तरस साचल्याची असू शकते. रक्तातली बाइल ॲसिड (पित्तरसातली आम्लं) 100 मायक्रोमोल/लिटरच्या वर गेली की बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो.

तिसऱ्या महिन्यातल्या उलट्या आणि 36व्या आठवड्यात नव्याने सुरू झालेल्या उलट्या एक नव्हेत. जोडीला पोटदुखी, खूप तहान, गुंगी असेल तर लिव्हरमध्ये अचानक चरबी साठण्याचा आजार आहे का, ते बघावंच लागतं. तो 7 ते 20 हजार गरोदर बायकांत एखादीलाच होतो, पण सोनोग्राफीत अनेकदा दिसत नाही. कळतो तो रक्तावरून: साखर उतरलेली, बिलिरुबिन (काविळीचं प्रमाण) आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) वाढलेलं, रक्त गोठायला उशीर. हा आजार ओळखायच्या यादीतल्या, म्हणजे स्वान्सी निकषांच्या, 14 मुद्द्यांपैकी 6 जुळले तर डॉक्टर थांबत नाहीत.

बीपीचाही भरवसा नको. हेल्प सिंड्रोम (HELLP) या गरोदरपणातल्या आजारात लिव्हरला इजा होते, तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट घसरतात, तरी 10 पैकी एकदोघींचं बीपी नॉर्मलच असतं.

"बाळंतपणानंतर जातं" हे अर्धं खरं. चरबीच्या आजारावर आणि हेल्पवर प्रसूती हाच उपाय, पण म्हणूनच ती तारखेची वाट न बघता करावी लागते. काही तासांचा उशीरही महागात पडतो. शिवाय कावीळ हिपॅटायटिस ई ची असेल तर प्रसूतीने ती जात नाही. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टोस्पायरोसिस, मलेरिया, डेंग्यूही तपासावे लागतात.

असं काही जाणवलं तर एलएफटी (लिव्हरची तपासणी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), साखर, क्रिएटिनिन, पीटी-आयएनआर (रक्त गोठायची तपासणी), आणि खाज असेल तर बाइल ॲसिड करायला सांगा. रात्र असली तर सकाळच्या ओपीडीसाठी थांबू नका, थेट लेबर रूमला या.