बॉनेट उघडा, मग बक्षीस द्या

आज आपल्या नाशिकातलं जुन्या गाड्यांचं प्रदर्शन बघून आलो आणि संताप अजून उतरलेला नाही.

पहिलं बक्षीस एका लालभडक पद्मिनीला, म्हणजे इथंच बनलेल्या फियाटला. ती आली टोइंगच्या फ्लॅटबेडवर, चौघांनी ढकलत जागेवर लावली आणि संध्याकाळपर्यंत तिचं बॉनेट एकदाही उघडलं नाही. दोन गाड्या सोडून एक फिकट हिरवी फियाट उभी होती. रंग उन्हानं उडालेला, मागच्या मडगार्डला पोचा, पण कसारा घाट स्वतःच्या चाकांवर चढून आलेली. कुणीही विचारलं की मालक बॉनेट उघडून दाखवायचा, चोक ओढायचा आणि पहिल्याच सेल्फला इंजिन लागायचं. परीक्षक तिच्यापाशी थांबलेसुद्धा नाहीत.

अरे, आपण गाड्या बघायला जातो की रंग बघायला?

फियाटला वेगळी चेसिस, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, नसतो. बॉडी हीच चेसिस, आणि दाराखालची सिल हा तिचा कणा. सिलच्या खालची पाणी जायची भोकं चिखलानं बुजली की आपल्याकडच्या पावसात पत्रा आतून कुजत जातो, बाहेरून काही कळत नाही. नीट काम करायचं तर गाडी दोन्ही बाजूंनी आधार देऊन समपातळीत ठेवायची, दारं जागेवर ठेवून फटी तपासायच्या, कुजलेला पत्रा कापायचा आणि मगच नवा झाळायचा. आळशी काम म्हणजे भोकावर जाळी, त्यावर फायबर, वर लांबी (खड्डे बुजवायची पुटी) आणि लालभडक रंग. ओळखणं अवघड नाही. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक सिलवरून फिरवा. पत्र्यावर चिकटतं, लांबीवर सुटतं. किंवा एका बाजूला जॅक लावून गाडी उचला आणि दार उघडा. दार अडकलं तर सिल गेलेली. त्या पद्मिनीच्या मागच्या दाराची फट वर बोटभर होती आणि खाली जेमतेम कागद जाईल एवढी! एवढं बघायला चुंबकही लागत नाही, फक्त वाकावं लागतं.

बंपरचं तेच. आधी जुना थर उतरवायचा, पत्रा गुळगुळीत घासायचा, मग तांबं, त्यावर निकेल आणि शेवटी क्रोमचा अगदी पातळ थर. गंज अडवतं ते निकेल. त्यातच काटकसर केली की एकदोन पावसाळ्यांत फोड आलेच.

मान्य, लहान पोरं चकाकीपाशीच थांबतात आणि त्यातूनच एखाद्याला नाद लागतो. लाकडी आऱ्यांची युद्धाआधीची गाडी द्वारका चौकातून चालवत आणा असंही मी म्हणणार नाही. पण पद्मिनी? १०८९ सीसीची ही गाडी नव्वदच्या दशकातही कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडत होती आणि मुंबईत टॅक्सी म्हणून दिवसरात्र राबत होती. ती चालत नसेल तर काम अर्धवट आहे, इतकं साधं आहे.

हिरवी फियाट घाट का चढू शकली ते बॉनेटखाली दिसत होतं. हिचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला, त्यामुळे चढावर तो तापतो, नळीत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे ते त्यासाठीच. या मालकानं पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांबून फिरवलीय आणि साध्या रबराऐवजी व्हायटॉनची, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराची, घातलीय. ते का, तर आता मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुनं रबर त्यानं फुगतं, चिरतं; कॉर्कच्या फ्लोटवरचं (पेट्रोलवर तरंगणाऱ्या बुचावरचं) शेलॅक, म्हणजे लाखेचं पॉलिश, तर त्यात विरघळूनच जातं. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर) मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन तापतं. प्लग काढून बघा, टोक पांढरं दिसलं तर मेन जेट एक नंबर मोठा लावून बघायची वेळ झालीय. कॉफीच्या रंगाचं हवं. हे सगळं तो मालक कॉलेजच्या पोरांना समजावून सांगत होता. बक्षीस याला म्हणतात.

आणि जीपवाल्यांनो, तुम्हीही. महिंद्राच्या गावात राहतो आपण, जीपचं प्रेम असणारच. पण मूळचं पेट्रोल इंजिन काढून प्यूजोचं डिझेल बसवलेली जीप ‘मूळ रूपातली’ या रांगेत कशी उभी राहते? २०२१च्या नियमांत व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी हवी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको, असं लिहिलंय. तेव्हाच नंबरात ‘व्हीए’ अक्षरं असलेली व्हिंटेजची पाटी मिळते. शेतावर डिझेल जीप जरूर चालवा, कामाची आहे. फक्त तिची रांग वेगळी ठेवा.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला, कारण कारागीर आठवले. सातपूर-अंबडच्या शेडमध्ये किंगपिनचं (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या पिनेचं) बुश लेथवर घासून हातानं रीमर (भोक अचूक मापाचं करायचं हत्यार) मारणारे, पिन अंगठ्याच्या दाबानं आत सरकेल इतकं अचूक बसवणारे लोक याच शहरात आहेत. एकाही गाडीसमोर त्यांच्या नावाची पाटी नव्हती. पुढच्या वेळी आयोजकांनी एवढं करावं: डेंटिंग कुणाचं, इंजिन कुणाचं, वायरिंग कुणाचं, हे गाडीपुढे लिहावं आणि बॉनेट दिवसभर उघडं ठेवावं.

आणि ज्यांच्या वाड्यात ताडपत्रीखाली एखादी फियाट किंवा अँबेसेडर वर्षानुवर्षं पडून आहे, त्यांनी उत्साहाच्या भरात बॅटरी लावून सेल्फ मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी हँडल घालून हातानं फिरवा. अडलं तर जोर करू नका, पुन्हा तेल आणि पुन्हा रात्र. फिरलं की डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो. काहीही असो, इंजिन ऑइल बदलायचंच. मग प्लग बाहेरच ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ फिरवा. टाकीतलं जुनं पेट्रोल वापरू नका, बाटलीतून वेगळी नळी द्या. गाडी हलवायच्या आधी ब्रेकचे होज बदला, कारण ते आतून फुगतात आणि दाबलेला ब्रेक सुटतच नाही. पहिल्यांदा सुरू करताना दुसरा माणूस अग्निशामक घेऊन शेजारी उभा हवा. अडलात तर कमेंटमध्ये फोटो टाका, बॉनेट उघडून काढलेला.