आज मी तुमची काळजी घेणार आहे

हॉटेलात वेटरने किती बोलावं, याचा निकाल उडप्यांनी कधीच लावून ठेवलाय. टेबलावर ओलं फडकं फिरतं, पाण्याचे ग्लास आदळतात आणि 'काय आहे?' म्हटलं की इडलीपासून उत्तप्प्यापर्यंत यादी एका दमात. मधलंच काही ऐकू आलं नाही, तर गाडी पुन्हा इडलीपासून सुटते. नंतर मात्र तो माणूस थेट बडीशेपेच्या बशीत बिल घेऊनच उगवतो. मधल्या वेळात माझं तोंड फक्त खाण्यासाठी मोकळं.

थाळीवाल्या वाढप्याचं बोलणंही एकेका शब्दाचं. वरण? कढी? पुरणपोळी? ताटावर आडवा धरलेला हात त्याला दिसत नाही. तो बोटांच्या फटीतून तूप सोडतो. पण थाळीचे पैसे ठरलेले असतात, म्हणजे हा आग्रह मालकाच्या गल्ल्याविरुद्ध चाललेला. अशा माणसाला काय बोलणार?

आमची लेक नेते त्या मंद दिव्यांच्या ठिकाणी निराळाच प्रकार. 'हाय सर, आज मी तुमची काळजी घेणार आहे.' हे वाक्य याआधी मला फक्त भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ऐकवलं होतं. मग 'रेग्युलर वॉटर की मिनरल?' साधं म्हटलं की त्याचा चेहरा उतरतो. मग 'पहिल्यांदाच येताय?' हो म्हणालो, तर पनीरमागची शेफची भूमिका ऐकावी लागते. नाही म्हणालो, तर गेल्या खेपेला काय आवडलं ते सांगावं लागतं. तोंडी परीक्षा दोन्हीकडे आहेच.

शेवटी जेवण येतं. मी पहिला मोठा घास तोंडात कोंबतो न कोंबतो तोच कानाशी, 'सगळं ठीक ना सर?' हा मुहूर्त त्यांना शिकवत असावेत. मी मान हलवतो. आपल्या मानेचं हो आणि नाही फार लांब नसतं, त्यामुळे तो घाबरून शेफलाच घेऊन येतो. मग आम्ही सहकुटुंब शेफची समजूत काढतो. तोवर नान वातड झालेला असतो.

बिलात सेवा शुल्क असतंच. ते परस्पर लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलंय. मला तारखांसकट पाठ आहे. पण ज्याने संध्याकाळभर आपली काळजी घेतली, त्याच्या तोंडावर प्राधिकरण कसं फेकायचं? लेक टेबलाखालून पाय दाबते. मी पैसे भरतो.

परवा तर त्याने मोबाइलच पुढे केला. 'सर, गुगलवर रिव्ह्यू द्या ना. माझं नाव टाका, स्पेलिंग सांगतो.' तो खांद्यावरून वाचत उभा. मी पाच तारे दाबले, 'सर्व्हिस फास्ट' असं लिहिलं.

'सर,' तो हळूच म्हणाला, 'फ्रेंडली पण लिहा ना.'