ओगराळं कुणाच्या हातात आहे?

मे महिना उजाडला की ओळखीतल्या आईबापांचे फोन सुरू होतात. "पोरगं ऐकत नाही, मोबाईल सोडत नाही, हॉस्टेलला टाकू का? जरा वळण लागेल." मी पाचवीपासून वसतिगृहात वाढलो म्हणून मला विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: शिक्षा म्हणून पाठवत असाल तर पाठवू नका. घंटेवर उठणं, रांगेत ताट घेऊन उभं राहणं या सवयी दिवाळीच्या सुट्टीत चार दिवसांत मोडतात. वसतिगृहात माणूस घडतो हे खरं आहे, मी त्याच्या बाजूनं भांडायला तयार आहे. पण तो कशानं घडतो याबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत.

आमच्याकडे रात्रीच्या जेवणाला आमटी असायची, स्टीलच्या बादलीत. वर पाणी, तळाला डाळ. वाढणारा ओगराळं वरच्यावर बुडवतो की तळातून ढवळून काढतो, यावर ताटात काय पडणार ते ठरायचं. वाढपाची पाळी दर आठवड्याला खोलीप्रमाणे फिरायची. म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या हातात आठवडाभर सत्ता यायची. मित्राला, गाववाल्याला दाट. काल ज्याच्याशी भांडण झालं त्याला पातळ. पाचवीतलं नवं पोर, ज्याला अजून कुणी ओळखत नाही, त्याला जे उरेल ते.

दहावीतला एक मुलगा मात्र दोन ताटं झाली की बादली तळापासून ढवळायचा. कुणी डोळ्यानं खुणावलं तरी हात तसाच. त्यावर तो कधी काही बोलल्याचं मला आठवत नाही. पण त्याच्या पाळीत पंगत निवांत बसायची आणि पुढच्या आठवड्यात दुसरी खोली वाढायला आली की पोरं मोठ्यानं ओरडायची, "ढवळ की रे!" असं करत करत ढवळणं हीच रीत झाली. आमच्याकडे मूल्यशिक्षणाचा तास होता, परिपाठाला रोज सुविचार व्हायचा. समता म्हणजे काय ते मात्र मला त्या बादलीपाशी कळलं. ज्याला आपण काहीच लागत नाही, त्याच्या ताटातही तितकीच डाळ पडली पाहिजे. एवढी साधी गोष्ट, पण ती हातातून शिकावी लागते.

आणि हे होऊ शकलं, कारण आमचे अधीक्षक गुरुजी त्याच पंगतीत, सगळ्यात शेवटी बसायचे. त्यांच्या ताटात काय येतंय ते सगळ्यांना दिसायचं.

महाराष्ट्राला हे नवं नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रोत्साहनानं 1901 पासून एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. त्या काळात तेही मोठं पाऊल होतं, खेड्यातली मुलं शहरात राहून शिकू लागली ती त्यामुळेच. पण जेवणाच्या पंगती वेगळ्याच राहिल्या. भाऊराव पाटील तिथल्या जैन बोर्डिंगात शिकत होते. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंगातून बाहेर पडले. मला वाटतं, पुढचं सगळं त्या नकारातून आलं. 1919 मध्ये त्यांनी काले इथं रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, तेव्हा त्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र ठेवली. एकच चूल, स्वयंपाक मुलांनीच करायचा, जेवायचं शेजारी बसून. 1927 मध्ये गांधीजी साताऱ्याला आले आणि त्यांच्या हस्ते या बोर्डिंगाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या मुलांची आई झाल्या. धान्य संपलं तेव्हा त्यांनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. जात मोडा असं सांगणारे तेव्हाही पुष्कळ होते. पोरांना एका परातीत पीठ मळायला बसवणारे थोडे होते.

आज अशा कामांवर आक्षेप येतो. "आम्ही फी भरतो, पोरांना कामाला का लावता?" आणि दुसरीकडून, "आश्रमशाळांत मुलांना राबवून घेतात." दुसरा आक्षेप मला अगदी मान्य आहे. जिथं ठरावीक मुलांच्याच हातात झाडू येतो आणि संचालकांच्या नात्यातलं पोर पाळीतून सुटतं, तिथं काम म्हणजे शोषणच. लहान मुलाला उकळत्या पातेल्याजवळ उभं करणं हा तर गुन्हाच म्हणायचा. पण पाळी सगळ्यांना आली, वयाला झेपेल एवढीच आली, आणि गुरुजींनाही आली, तर त्यासारखं शिक्षण नाही. डॉक्टरांचा मुलगा आणि ऊसतोड कामगाराचा मुलगा एकाच मोरीवर ताटं घासतात तेव्हा कोण कुणाचा हे आठवडाभरात विसरलं जातं. सगळं कंत्राटदारावर सोपवून मुलांना नुसतं 'गिऱ्हाईक' करणाऱ्या निवासी शाळांत ही संधीच उरत नाही. भिंतीवर मात्र सुविचार रंगवलेले असतात.

एका गोष्टीवर मी अजिबात तडजोड करणार नाही. "आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो" असं म्हणणारे माजी विद्यार्थी प्रत्येक मेळाव्यात भेटतात. मार खाऊन कुणी घडत नाही. मोठ्या मुलानं लहानाकडून कपडे धुऊन घेणं, रात्री उठवून उभं करणं, याला परंपरा म्हणणं थांबवा. राज्यात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शाळेत मुलांना मारण्यावर आणि त्यांच्या मानसिक छळावर बंदी घातली. तरी रात्री दहानंतर इमारतीत एकही जबाबदार मोठा माणूस नसेल, तर कायदा गेटवरच राहतो. मोठ्या मुलाला लहानावर माया करायची संधी वसतिगृह देतं, तशीच सत्ता गाजवायचीही देतं. पहिल्या आठवड्यात उशीत तोंड खुपसून रडणाऱ्या पोराशेजारी एखादा नववीतला येऊन बसतो, घरून आलेल्या डब्यातला लाडू त्याच्या हातावर ठेवतो. दुसरा एखादा त्याची नक्कल करून खोलीला हसवतो. यातलं काय रूढ होणार, हे रोज रात्री खोल्यांतून फेरी मारणाऱ्या माणसावर ठरतं.

केंद्र सरकारच्या नवोदय या निवासी विद्यालयांतली एक पद्धत मला म्हणूनच आवडते. नववीतली काही मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयात पाठवली जातात. आपल्याकडचं पोर हिंदी मुलखात जातं, तिकडचं इथं येतं. ज्याला शब्द कळत नाहीत अशा मुलाला पंगतीत सामावून घ्यायचं, हे यजमान पोरांना शिकावं लागतं, आणि परक्या ठिकाणी पाहुणा म्हणून नीट वागायचं हे गेलेल्याला.

तेव्हा शाळा बघायला जाल तेव्हा निकालाची टक्केवारी आणि स्विमिंग पूल बघून परत येऊ नका. जेवणाच्या वेळी जा. वाढतं कोण ते बघा. अधीक्षक कुठं जेवतात, काय जेवतात ते बघा. सगळ्यात लहान वर्गातल्या मुलाला विचारा, रात्री पोटात दुखलं तर कुणाला उठवतोस? त्यानं पटकन एखाद्या दादाचं किंवा सरांचं नाव घेतलं तर प्रवेशाचा फॉर्म घ्या. तो आधी इकडंतिकडं बघायला लागला, तर पोराला घरीच ठेवा.